गोंड्याच्या सायकली

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत जोतीराम साळोखे कोण, असं विचारणारा माणूस पेठेतला नसणार एवढं खुशाल समजावं. तालमीच्या अलीकडच्या कोपऱ्यावर पूर्वी कचऱ्याचा कोंडाळा होता. तिथं आता हिरव्या सायकलींचा स्टँड आहे. त्या स्टँडला लागून पत्र्याची खुर्ची टाकून, डोक्याला पांढरी टोपी आणि गळ्यात शिट्टी अडकवून जो उंचापुरा म्हातारा बसलेला असायचा, तो जोतीराम. खुर्ची घरची होती. शिट्टीही त्याने स्वतःच विकत आणलेली. नेमणुकीत शिट्टीचा उल्लेख कुठंच नव्हता, पण शिट्टीवाचून माणसाला कामावर असल्यासारखं वाटत नाही असं त्याचं मत होतं. आणि जोतीरामचं एकदा मत झालं, की ते बदलायला ब्रह्मदेव आला तरी त्याला चहा पाजून परत पाठवलं जायचं.

आयुष्य सगळं उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ मशीनवर गेलं. रिटायर झाला आणि घरात बसला. बसला म्हणजे कसा, तर बायकोने, संयोगिताने, भाजी चिरायला घेतली की फोडी एकसारख्या का नाहीत, आणि कुकर लावला की शिट्टी तिरकी का बसवलीस, अशी चौकशी दिवसभर चालू. संयोगिता सोशिक बाई, पण सोसण्यालाही काही माप असतं. एके दिवशी तिने विळी बाजूला सारली आणि शांतपणे सांगितलं, "आवं, तुमी कुटंतरी जावा की. देवाला जावा, तालमीत जावा. माझ्या भाजीत बसू नगासा." जोतीराम देवाला गेला. पण देवाला जाऊन माणूस किती वेळ बसणार? जेवायच्या वेळेला परत भाजीत हजर.

अशात शहरात सायकलींची योजना आली. सरकारी पैसा, म्हणजे फिरून तुमचाआमचाच. मोठ्या रस्त्यांच्या कडेनं सायकलींसाठी हिरवा पट्टा मारला, चौकाचौकांत स्टँड बसवले, आणि कार्ड टेकवलं की सायकल सुटते, कुठल्याही दुसऱ्या स्टँडला नेऊन अडकवली की काम संपलं, असा सगळा मामला. लोकांना सवय होईपर्यंत काही स्टँडांवर एक माणूस बसवायचा होता. तालमीतला पिराजी, जोतीरामचा लहानपणापासूनचा दोस्त, वजनदार माणूस. वजन शब्दाला होतं आणि अंगालाही. त्याने जाऊन सांगितलं, की आमच्या कोपऱ्यावर आमच्याच पेठेचा माणूस बसंल. झालं.

योजनेवर सुष्मिता नावाची इंजिनिअर होती, गडहिंग्लजकडची, वयाने जोतीरामच्या मुलीसारखी. तिने त्याला कर्मचाऱ्याचं कार्ड दिलं. सायकल बिघडली तर या कार्डाने सोडवून दुरुस्तीला हलवायची, असं शिकवलं. जाताना म्हणाली, "काका, एक आहे. हे सगळं गुढीपाडव्यापर्यंत बघायचंय. लोकांना जिथं उपयोग होतो ते स्टँड राहतील. बाकीचे उचलून हायवेच्या बाजूला नव्या वसाहतीत न्यायचेत."

"ह्यो स्टँड न्हाय हालत," जोतीराम म्हणाला.

तो मनापासून बोलला होता. पहिल्याच दिवशी त्या खुर्चीत बसला, समोरनं शाळेची पोरं गेली, बायका मंडईला गेल्या, प्रत्येकाने 'मामा, काय चाललंय' विचारलं, आणि रिटायर झाल्यापासून कधी वाटलं नव्हतं इतकं त्याला बरं वाटलं. घरातला नको झालेला माणूस चौकात सगळ्यांना हवा होता. हा स्टँड गेला तर परत भाजीच्या फोडी मोजत बसायचं, हे त्याला लख्ख कळत होतं. म्हणून स्टँड राखायचा, काही झालं तरी राखायचा, असं त्याने ठरवलं. आणि राखणं म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

कारखान्यात संध्याकाळी प्रत्येक पाना आपापल्या खुंटीला गेल्याशिवाय तो कधी बाहेर पडला नव्हता. पोरवयात तासावर भाड्याने सायकल आणायचा तीही अशीच. दुकानदार बापाला ओळखायचा, सायकल सुटायची त्याच दुकानातनं आणि परत जायची त्याच दुकानात. उन्हं कलली तरी पोरगं आलं नाही की दुकानदार घराच्या दारात उभा. वस्तू आपल्या जागेला परत येते म्हणून ती वस्तू, नाहीतर मग ती हरवलेली, अशी जोतीरामची सरळ समजूत होती.

खंडेनवमी आली. कोल्हापुरात त्या दिवशी हत्यारांपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते, मग सायकलींनी काय पाप केलं? जोतीरामने स्टँडवरच्या सगळ्या सायकली धुतल्या, चेन पुसून तेल सोडलं. पिराजीने नारळ फोडला. बायकांनी हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. आणि जोतीरामने मंडईतनं आणलेले लाल-पिवळे लोकरीचे गोंडे एकेका हँडलला बांधले, बैलाच्या शिंगाला बांधतात तसे. त्या दिवसापासून त्या सायकली मंगळवार पेठेच्या झाल्या. कागदावर कुणाच्याही असोत, ज्यांची पूजा आपण केली त्या आपल्या, याबद्दल पेठेत कुणालाच शंका राहिली नाही.

आता आपली सायकल बाहेर गेली की जीव लागून राहणारच. कुणी कार्ड टेकवायला आलं की जोतीराम विचारायचा, "कुटं चाललीस? कवा येणार? हितंच आणून लाव बरं का." पोरी क्लासला न्यायच्या, त्या क्लास सुटेपर्यंत मनातनं धास्तावलेल्या. पुढं पुढं त्यांनी न्यायचंच सोडलं. दुसऱ्या पेठेतलं कुणी आलं, तर तालमीची पोरं आधीच पुढं होऊन सांगायची, "ह्या तेलपाण्याला काढल्यात, फुडच्या स्टँडला बगा." एवढं करूनही एखादी सायकल कुठंतरी जाऊन राहिलीच, तर दिवेलागणीला जोतीराम टोपी सारखी करून निघायचा. पिराजीच्या स्कूटरवर मागं बसून एसटी स्टँड, राजारामपुरी, रंकाळा अशी चक्कर. गोंडा दिसला की उतरायचं, आपल्या कार्डाने सायकल सोडवायची आणि चालवत पेठेत आणायची. रात्रीच्या जेवणाआधी सगळ्या दावणीला.

"म्हसरं आणाय गेल्यासारखं जातासा," संयोगिता म्हणायची. पण ती खूष होती. भाजी तिच्या एकटीची झाली होती.

दिवाळी सरली, थंडी पडायला लागली, आणि एके दिवशी दुपारी सुष्मिता आली. जोतीराम उठून उभा राहिला. मनातनं तो या दिवसाची वाटच बघत होता. रांगेत उभ्या सायकली, एकही गैरहजर नाही, चाकाच्या तारा चकाकताहेत. बघ म्हणावं, पोरी, असा स्टँड आहे का गावात दुसरा?

तिने एकेक सायकल बाहेर काढली. ब्रेक दाबून पाहिले, पायडल फिरवून पाहिलं, हवा पाहिली. मग मोबाइल काढून कितीतरी वेळ बघत राहिली.

"काका, सायकली तर सुरेख आहेत," ती म्हणाली.

"मग वो."

"मग या रोज बिघडतात कशा?"

"बिघडत्यात? कोन म्हंतं?"

तिने मोबाइल पुढं धरला. त्यात एवढंच दिसत होतं, की मंगळवार पेठेच्या सायकली फारशा बाहेर जात नाहीत. आणि जातात त्या दर संध्याकाळी कुठंतरी बंद पडतात, आणि कर्मचाऱ्याच्या कार्डाने दुरुस्तीला हलवाव्या लागतात. सगळ्या शहरात सगळ्यात नादुरुस्त सायकली कुठल्या, तर या. ऑफिसात म्हणे यावर बैठक झाली होती. सायकली बदलाव्यात की स्टँडच हलवावा, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

जोतीरामच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. पडल्यावर तो जोरात म्हणाला, "आगं, बंद पडत्यात कशाच्या. मी आणतोय त्या. घरला."

सुष्मिता आधी हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून तिचं हसू थांबलं. तिने खुर्ची ओढून त्याला बसायला दिली आणि स्वतः कट्ट्यावर टेकली. "काका, त्या तशा परत आणायच्या नसतात. कुणीतरी तिकडं सोडतं, दुसरं कुणीतरी तिथनं नेतं. तुम्ही आणलीत की तिकडच्या माणसाला सायकलच राहत नाही."

"तिकडच्यानं तिकडची न्हावी. ही आमची हाय."

"ही शहराची आहे, काका."

"शहर म्हंजे तरी कोन? पेठाच की."

"आणि पेठांच्या मधला रस्ता कुणाचा?"

जोतीरामने समोरच्या रस्त्याकडे बघितलं. सुष्मिता उठली. ती रागावली नव्हती. तिने एवढंच सांगितलं, की आकडे आहेत तसे गेले तर पाडव्याला हा स्टँड सगळ्यात आधी उचलला जाईल, आणि तिला ते थांबवता येणार नाही. "तुमच्याइतकं कुणी जपलं नाही हो," ती म्हणाली, "पण जपून उपयोग काय."

ती गेल्यावर जोतीरामने बाहेर काढलेल्या सायकली एकेक करून परत अडकवल्या. राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं. सायकली पळवल्या असत्या, मोडल्या असत्या, तर बोल ऐकून घेतले असते. पण जपल्याबद्दल? चहा आला तो निवला. दिवे लागले तसा सवयीने तो उठला आणि एकटाच एसटी स्टँडला गेला. पिराजीला बरोबर घ्यायचं, तर त्याला सगळं सांगावं लागलं असतं.

रोजच्यापेक्षा त्याला उशीर झाला होता. एसटी स्टँडबाहेर एकच सायकल उरली होती, कडेला, गोंड्याची. त्याने कार्ड टेकवून ती सोडवली आणि वळवतो तोवर मागून एक बाई जवळजवळ पळतच आली. पन्नाशीची असेल. कपाळाला विभूती, खांद्याला पिशवी, पातळ वर खोचलेलं. हुपरीची गाडी नुकतीच लागली होती, तिच्यातनं ती उतरलेली.

"अण्णा, ही न्हेनार हाय व्हय तुमी?" ती धापा टाकत म्हणाली.

"का वो?"

"न्हाय, न्ह्या न्ह्या. तुमी आदी आलायसा." तिने पिशवी सावरली आणि रस्त्याकडे बघत तिथंच थांबली. "माझं नशीबच खोटं. ह्येच्या आदी बी रोज आसंच. चहावाला म्हंतो, गोंड्याची सायकल आस्ती हितं, पर एक म्हातारा यितो सांजच्याला आनि घिऊन जातो. रोज. त्येला काय सोस हाय सायकलीचा, देवाला ठावं."

जोतीरामने टोपी जरा खाली ओढली. "तुमाला कुटं जायाचं?" त्याने विचारलं.

तिचं नाव गौराबाई. राजारामपुरीच्या पलीकडं एका दवाखान्यात ती रात्रपाळीला मावशी म्हणून कामाला होती. हुपरीची गाडी येते तेव्हा पाळी बदलायला थोडाच वेळ उरलेला. सायकल मिळाली तर ती वेळेवर पोचे. नाहीतर चालत. "माझं काय न्हाय वो अण्णा, मी चालीन," ती म्हणाली. "पर मी गेल्याबिगर दिवसपाळीच्या बाईला सुटता यित न्हाय. ती पडली मलकापूरची. तिची शेवटची गाडी जाती. मग बसती बिचारी रातभर दवाखान्याच्या बाकड्यावर, घरात लेकरं. मला काय म्हनत न्हाय ती. म्हनली आस्ती तर बरं झालं आस्तं."

जोतीराम सायकलीला धरून उभा होता. इतके दिवस रोज तो ही सायकल चालवत पेठेत नेत होता, चाकाला चिखल लागला तर पुसत होता. आणि त्या प्रत्येक दिवशी एक बाई राजारामपुरीपर्यंत चालत होती आणि दुसरी बाकड्यावर बसत होती. त्याला लाज वाटली. उतारवयात माणसाला लाज वाटते ती तरुणपणीसारखी चटकन उतरत नाही.

"न्ह्या ही," तो म्हणाला.

"आनि तुमी?"

"माझं काय, मी हितंच जवळ ऱ्हातो." त्याने सायकल परत अडकवली, म्हणजे तिला तिच्या कार्डाने सोडवता येईल. आणि सीट तिच्या बेताची खाली करून दिली. गौराबाईने पिशवी पुढच्या टोपलीत ठेवली, 'उपकार झाले' असं काहीतरी म्हणाली आणि गर्दीतनं गेली. गोंडा हलताना लांबपर्यंत दिसत होता. आपण ज्याला शिव्या घालत होतो तो हाच, हे तिला कळलं नाही, आणि जोतीरामनेही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं त्याला वाटेत वाटलं. पण परत फिरून तिच्यामागं पळायला तो काही आता पोरगा नव्हता.

घरी येऊन त्याने संयोगिताला सगळं सांगितलं, सुष्मिताचं आणि गौराबाईचंही. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"मग आता?" तिने विचारलं.

"सोडाय लागतील," तो म्हणाला. "सायकली."

"सोडशीला?"

"बगू."

पण सायकली त्याच्या एकट्याच्या राहिल्या नव्हत्या, त्या पेठेच्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या कट्ट्यावर त्याने विषय काढला, आणि पिराजी असा बघायला लागला, की जणू जोतीरामने तालमीची जागा विकायला काढली आहे.

"जोत्या, आपली सायकल शिवाजी पेठेत गेली आन् तिकडंच ऱ्हायली तर?"

"ऱ्हाऊ दे. त्येंच्याकडची हिकडं यील."

"त्येंची सायकल? आपल्यात?"

"मग काय झालं?"

पिराजीने मिशीवरनं हात फिरवत बराच विचार केला. शेवटी म्हणाला, "यिऊ दे म्हना. त्येंच्या सायकलीचं पाणी तरी बगू." पिराजीची हीच संमती. पोरांना सांगून झालं, की आता कोण कुठला न विचारता सायकल द्यायची. पोरांना पटलं नाही, पण पिराजीने एकदा नजर टाकली आणि ती गप्प झाली.

जोतीरामला मात्र ते पटण्यापेक्षा जमणं अवघड होतं. कार्ड टेकवणाऱ्याला तो तोंडापर्यंत आलेला प्रश्न गिळायचा आणि म्हणायचा, "जावा. कुटं बी लावा." क्लासच्या पोरी परत यायला लागल्या. मंडईच्या बायका येताना पिशव्या टोपलीत टाकून यायला लागल्या. पेठेच्या बाहेरची माणसं, ज्यांची आडनावंही त्याला माहीत नव्हती, सकाळी येऊन सायकल घेऊन जायची. स्टँड रिकामा व्हायचा आणि जोतीराम नुसत्या खांबांवरची धूळ पुसत बसायचा. संध्याकाळी टोपी सारखी करून तो उठायचा, दोन पावलं टाकायचा आणि परत बसायचा. एकदा तर पिराजी स्कूटर काढून समोर उभाच राहिला, "चल की, नुसतं बगून यिऊ." दोघं जाऊन रंकाळ्यापर्यंत बघून आले. गोंड्याच्या सायकली सगळ्या गावात पसरल्या होत्या. एक उद्यमनगराच्या तोंडाला, एक कॉलेजपाशी, एक कुणीतरी हिरव्या पट्ट्यावरून चालवत चाललेलं. जोतीराम बोटांवर मोजत होता. येताना पिराजीनेच म्हटलं, "बरं दिसतंय रं."

एक गोंड्याची सायकल कितीतरी दिवसांनी परत आली ती हँडलला दुसऱ्या पेठेच्या संघाच्या रंगाची फीत बांधून. फुटबॉलच्या सामन्यावरनं ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या वाद, त्यांचीच. तालमीची पोरं फीत तोडायला धावली. "आसू दे," जोतीराम म्हणाला. "गोंडा न्हाय काढला न्हवं त्येंनी?" पोरं नाइलाजाने मागं सरली. ती सायकल मग दोन्ही लेवून फिरत राहिली.

आणि एक गोष्ट हळूहळू झाली, तिच्याकडे जोतीरामने आधी काणाडोळा केला. लोकांना आता त्याची गरज लागत नव्हती. कार्ड कसं टेकवायचं, दिवा हिरवा झाला की ओढायचं, सीट कशी खालीवर करायची, हे शाळेतलं पोरही जाणत होतं. 'मामा, काय चाललंय' म्हणायला पूर्वी माणूस थांबायचा. आता तो सायकलीवरनं जाता जाता हात करायचा. काही जण तेही नाही. कुणी मुद्दाम करत होतं असं नव्हे. ज्याला सायकल मिळाली त्याला कुठंतरी जायचं होतं, एवढंच.

पाडव्याच्या तोंडावर सुष्मिता आली तेव्हा स्टँडवर एकही सायकल नव्हती. रिकाम्या खांबांच्या शेजारी जोतीराम खुर्चीत बसलेला. ती लांबूनच हसत आली.

"काका, राहिला हो तुमचा स्टँड. पहिल्या यादीत आहे."

जोतीराम उठला. त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस," तो म्हणाला. "च्या सांगतो."

चहा पिऊन झाला तरी सुष्मिता जायचं नाव घेईना. कपाशी चाळा करत राहिली. शेवटी म्हणाली, की जे स्टँड चांगले चालतात तिथं आता माणूस बसवायचा नाही असं ठरलंय. माणूस नव्या ठिकाणी पाठवायचा, जिथं लोकांना अजून सवय नाही. हायवेच्या बाजूला. "तुम्ही यायला पाहिजे असं मी सांगितलंय काका. पण लांब पडेल तुम्हाला."

"लांब पडंल," जोतीराम म्हणाला.

त्याने कर्मचाऱ्याचं कार्ड खिशातनं काढून तिच्या हातात दिलं. तिने बॅगेतनं दुसरं कार्ड काढून त्याला दिलं, सगळ्यांना असतं तसलं. "हे तुमचं. कधीही वापरा." तिचे डोळे भरून आले होते, म्हणून जोतीरामनेच तिला सांगितलं, की गडहिंग्लजची गाडी चुकेल, ऊठ आता.

वाईट वाटलंच त्याला. नाही कसं वाटेल? जो स्टँड राखायचा म्हणून जिवाचं रान केलं तो राहिला होता, आणि तो राहिला म्हणूनच खुर्ची गेली होती. सायकली दावणीला बांधून ठेवल्या असत्या तर दोन्ही गेलं असतं, हेही त्याला कळत होतं. पण कळल्याने दुखायचं थांबत नाही. रात्री संयोगिताने त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली. "उद्या भाजी तुमीच निवडा," ती म्हणाली. तो हसला, पण जेवण त्याला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्ची घरी आली. शिट्टी खुंटीला गेली. दिवसभर तो घरात शहाण्यासारखा वागला. दिवेलागण झाली तशी पायांना सवय होती म्हणून बाहेर पडला आणि स्टँडपाशी जाऊन उभा राहिला. टोपी नाही, काही नाही. स्टँड रिकामाच होता.

एक तिशीतला माणूस सायकलीवरनं आला. अंगावर वेल्डिंगचे डाग पडलेला शर्ट, चेहरा अगदी अनोळखी. उतरून सायकल अडकवायला गेला, तेवढ्यात त्याचं लक्ष जोतीरामकडे गेलं.

"पावणं, सायकलीसाठी थांबलाय व्हय?"

जोतीराम काही म्हणायच्या आत तो पुढं म्हणाला, "ह्यी घ्या की. कार्ड हाय न्हवं तुमच्याकडं?"

"हाय."

"मग झालं. ह्ये बगा, मी हितं लावली. आता तुमी कार्ड हितं टेकवायचं. दिवा हिरवा झाला की अलगद वढायची, हिसडा द्याचा न्हाय. सीट वर पायजे तुमाला, उंच हायसा, ह्यी खिट्टी फिरवा." त्याने स्वतःच सीट वर करून दिली. "आन् एक सांगतो पावणं, नव्या माणसांना म्हाईत नस्तंय. परत हितंच आणाय लागत न्हाय. कुटं बी लावा."

"कुटं बी?"

"कुटं बी. आपलीच हाय की."

"व्हय का," जोतीराम म्हणाला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं होतं, मधे एकदाही न बोलता. मग कार्ड टेकवलं, दिवा हिरवा झाला, आणि त्या माणसाने सांगितलं होतं तशीच सायकल अलगद ओढली. माणूस समाधानाने मान हलवून चालता झाला.

जोतीराम सायकलीवर बसला आणि निघाला. कुठली सायकल आणायची नव्हती, कुठं पोचायचं नव्हतं. पेठ संपली, रस्ता संपला, दुसरी पेठ लागली. कुणीही हाक मारली नाही. वारं गार होतं. रंकाळ्यापर्यंत तो गेला, तिथल्या स्टँडला सायकल अडकवली, आणि थोडा वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला. मागं वळून पाहिलं तेव्हा एक पोरगी ती सायकल घेऊन गेलीसुद्धा होती. मग तो चालत घरी आला.

संयोगिता दारातच होती. "पिराजी सांगत हुता, सायकलीवरनं गेलासा म्हणून," ती म्हणाली. "आन् आता चालत? सायकल कुटं हाय?"

"गावात हाय की," जोतीराम म्हणाला, आणि पाय धुवायला मागच्या दारी गेला.